सोनं नाहीच मुळी तिथे

लुनोय गावात कुणी दोन हात खोल खड्डा खणला, तर तो संडासासाठी आहे यावर शेजाऱ्यांचा विश्वास बसत नाही. युद्धात हरून पळताना जपान्यांनी सोनं पुरलं, ते आपल्याच गावात पुरलं आणि ते आपल्याच नशिबात आहे, एवढं इथल्या पोराला बोलता यायच्या आधी कळलेलं असतं. गावानं तीनतीनदा निवडून दिलेला कापितान इसाबेलो, तसा शहाणासुरता माणूस. पण स्वप्नात कुणीतरी सांगितलं म्हणून त्यानंही एकदा आपल्या स्वयंपाकघराची फरशी उखडली. खाली निघालं काय, तर आधीच्या फरशीचे तुकडे. त्याची बायको सालिंग तेव्हापासून अंगणात चूल मांडते आणि आल्यागेल्याला त्याचं कारण सांगते.

त्यामुळे शुक्रवारी सकाळी बंद कारखान्याच्या आवारात जेसीबी शिरला आणि त्याच्यामागून बाकोलोदहून आलेली एक चष्मेवाली पोरगी बर्फाचे डबे उतरवायला लागली, तेव्हा अर्ध्या तासात सगळं गाव कुंपणाला लोंबकळत होतं.

पोरीचं नाव ज्युडिलिन. तिनं बिचारीनं सरळ सांगितलं. मालकाला ही जमीन घरं बांधायला विकायचीय, त्याआधी मातीत तेल, शिसं असलं काही मुरलंय का ते तपासायचं, म्हणून आठ खड्डे खणून प्रत्येकातली माती प्रयोगशाळेत न्यायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाचाही विश्वास बसला नाही.

"माती बर्फात ठेवतात होय कुणी?" एकजण म्हणाला.

"सोनं वितळू नये म्हणून असेल."

"आणि दर खेपेला हातमोजे बदलते ते?"

"अरे, बोटांना लागलेली सोन्याची भुकटी मोज्यात राहते. घरी जाऊन झटकत असेल."

"शहाणी आहे!" कापितान कौतुकानं म्हणाला.

कुंपणाशीच आपली टोपली मांडून नांग पेमिंग, म्हणजे पेमिंगताई, इबोस विकत होती. नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात, ताडाच्या पानात गुंडाळलेला. गर्दी जमली की धंदा होतो, म्हणून या खुळ्यांच्या बाजाराबद्दल एरवी तिची काही तक्रार नसे. साठी उलटलेली, अंगानं किरकोळ, जिभेनं भक्कम. पण आज तिचं लक्ष ना टोपलीत होतं, ना सोन्यात. ती खड्डे मोजत होती. सात झाले, आठवाही झाला, आणि जेसीबी गपकन बंद झाला. आवाराच्या मागच्या कोपऱ्याकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

त्याच कोपऱ्याच्या भिंतीपलीकडे पेमिंगची विहीर होती.

ही विहीर तिच्या सासऱ्याच्या बापानं खणलेली. सून मारिवी एक दिवस म्हणाली, "आई, पाण्याला वास येतो." तेव्हा पेमिंगनं, नाकानं कांदे सोलू नकोस, म्हणून तिलाच झाडलं होतं. मग नात तिनतिनच्या दोन्ही हातांवर चट्टे उठले. मलमं झाली, पाला वाटून झाला, मंतरलेलं तेल झालं. शेवटी मारिवीनं पोरीला उचललं आणि बाकोलोदला माहेर गाठलं. "पाणी बदला, मग आणते," एवढंच म्हणाली. तिकडे पोरीचे चट्टे महिन्याभरात गेले. पेमिंगनं त्यानंतर विकायच्या इबोसांना चर्चच्या नळाचं पाणी वापरायला सुरुवात केली, रोज रिक्षातून डबे आणून. स्वतः मात्र हट्टानं विहिरीचंच पीत राहिली. नगरपालिकेकडे नळ मागितला तर ते म्हणाले, विहीर खराब आहे हे आधी सिद्ध करा. ते कसं करायचं, हे मात्र कुणी सांगेना. नात घरात नाही, तर घर नुसतं खायला उठायचं.

विहिरीत काय आलंय हे तिला ठाऊक नव्हतं, पण कुठून आलंय हे ठाऊक होतं. कारण कारखान्याचा गार्ड दुल्फो.

दुल्फो तिचा शेजारी. कारखाना चालू होता तोवर रोज सकाळी तिच्या ओट्यावर बसून कॉफी प्यायचा. कारखाना बंद झाला, मालकानं सगळं विकून दुल्फोला तेवढं राखणीला ठेवलं, आणि त्या दिवसापासून या बाबानं तिच्या घरच्या पाण्याच्या थेंबाला तोंड लावलं नाही. आधी म्हणाला पोट बिघडलंय, मग म्हणाला नवस आहे. अरे, एका माणसाचं पोट बिघडून बिघडून किती वर्षं बिघडेल! त्यात मागच्या कोपऱ्यातल्या वारुळात द्वेंदे राहतो, असं त्यानंच गावभर करून ठेवलेलं. द्वेंदे म्हणजे वारुळात राहणारा वीतभर म्हातारा. त्याच्या घराला फावडं लागलं की माणसाचं तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो. जेसीबीवाला बोयेतसुद्धा त्या बाजूला जाताना "सरका आजोबा, वाट द्या" म्हणून मगच पाऊल टाकायचा. आता पेमिंगलाही द्वेंदेंची भीती होतीच, नाही असं नाही. पण गावातल्या एकूणएक द्वेंदेची तिला आजीकडून ओळख होती. हा कुठला नवा भाडेकरू?

दुपारी गर्दी पांगल्यावर ती टोपली घेऊन आत गेली. ज्युडिलिन खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसली होती. जेसीबीनं वर काढलेल्या मातीचा मधला, यंत्राचा लोखंडी दात न लागलेला भाग ती स्टीलच्या चमच्यानं काढत होती आणि काचेच्या बरणीत काठोकाठ दाबून भरत होती. झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली, बरणी बर्फात ठेवली, मोजे काढून फेकले, चमचा धुतला. सगळं कसं मन लावून. पेमिंगला ते पाहून बरं वाटलं.

"इन्दाय," मुलीला म्हणतात तसं ती म्हणाली, "इबोस घे. चर्चच्या पाण्याचा आहे. आणि मला सांग, तो कोपरा का सोडलास?"

ज्युडिलिननं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "नांग, नकाशावर आठ जागा आहेत. मालकाच्या माणसानं सांगितलं, तिथे वारूळ आहे, मजूर हात लावणार नाहीत. नकाशाबाहेर मला खणता येत नाही. दुसऱ्याची जमीन आहे."

"आणि तिथेच घाण असली तर?"

"तर अहवालात येणार नाही." पोरगी खाली बघून बोलली. "हे आठही खड्डे स्वच्छ दिसतायत. स्वच्छ म्हणून शिक्का बसेल."

"आणि मग?"

"मग घरं होतील. काँक्रीट पडेल."

म्हणजे संपलंच. वर काँक्रीट, खाली कायमचा कुलूपबंद कोपरा, आणि विहीर खराब आहे म्हणणारी पेमिंग म्हातारचळ लागलेली ठरणार. तिनतिन काही आता लुनोयला येत नाही.

"पण समजा," ती सावकाश म्हणाली, "तिथे खणलेलंच असलं. तू नाही खणलंस. कुणीतरी, उगाच. आणि तुला दिसलं."

ज्युडिलिननं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आवारात उघडं पडलेलं, डोळ्यांना दिसलेलं, नाकाला जाणवलेलं मी सोडून गेले, तर माझी नोकरी जाईल. ते घ्यावंच लागतं. पण नांग, मी रविवारी दुपारी निघतेय. आणि मी तुम्हाला खणायला सांगितलेलं नाही, बरं का!"

"छे गं. माझ्या कंबरेनं काय खणणं होतंय?" पेमिंग म्हणाली आणि दुसरा इबोस तिच्या हातात कोंबून निघाली.

शनिवारी सकाळी ती कारखान्याच्या आवारात गेली. सगळ्या गावादेखत मागच्या कोपऱ्यापाशी वाकली, गवतातला एक दगड उचलला, इकडेतिकडे पाहिलं, तो पदराआड धरावा तसा झग्याच्या घोळात लपवला आणि भराभरा घरी आली. दगड साधाच होता. किसलेला कसावा दाबायला तिला एक हवाच होता.

पाचव्या मिनिटाला कापितानची सालिंग दारात.

"पेमिंग, कसला गं तो दगड?"

"दगडच."

"कासवासारखा दिसत होता म्हणतात. जपानी खुणेचा."

"कोण म्हणतं? काही कासवबिसव नाही. आणि हे बघ सालिंग, तिथे सोनं नाहीये. तू सगळ्यांना सांग, मी म्हणाले म्हणून सांग, त्या वारुळाखाली सोनं नाहीच मुळी."

"वारुळाखाली?" सालिंगचा आवाज घोगरा झाला.

"वारुळाखाली नाही, वारुळाशेजारीही नाही. आमचे आजेसासरे त्या वेळी जपान्यांचे हमाल होते, पण त्यांनी मरताना याबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. म्हणजे नसणारच!"

हे सगळं शंभर टक्के खरं होतं. आजेसासरे हमाल होते, आणि मरताना त्यांनी फक्त डुकराचं सूप मागितलं होतं. सालिंग चपला हातात घेऊन पळाली.

जेवणवेळेपर्यंत पेमिंगकडे गावातली निम्मी माणसं येऊन दगड बघायला मागून गेली. ती प्रत्येकाला सांगत होती, बाबांनो, नाही रे सोनं. जितकं कळवळून सांगावं तितके लोकांचे डोळे मोठे होत होते. एकानं तर तिला बाजूला घेऊन म्हटलं, "नांग, तू भली बाई आहेस, सगळ्यांत भांडणं नकोत म्हणून लपवतेयस. मला कळतंय." आता याला काय म्हणावं! खोटं बोलायला अक्कल लागते असं तिला आजवर वाटत होतं. इथे तर नुसतं खरं बोलूनच घर भरलं.

पण एक अडचण होती. सगळे टपले होते आणि हात कुणीच लावत नव्हता. एक तर द्वेंदे, आणि दुसरा त्याच्याहून खमका दुल्फो. तो कंबरेला दांडकं लावून कोपऱ्यात उभाच होता आणि गावाला खोखो हसत होता. तिथे काय आहे ते माहीत असलेला गावात तो एकटाच, मग त्याला कसली भुरळ पडणार?

दुपारी तो तिच्या कुंपणाशी आला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं.

"नांग, ऐकलंस का लोक काय म्हणतायत?"

"ऐकते ना. सकाळपासून घसा सुकला सांगून, की सोनं नाही म्हणून."

"नाहीच आहे! मला ठाऊक आहे ना तिथे काय..." आणि तो थांबला.

"काय आहे?"

"वारूळ आहे."

"तेच म्हणते मी." पेमिंगनं कसावा किसणं चालू ठेवलं. "पण दुल्फो, तुझा मालक मात्र देवमाणूस हो. यंत्रं विकली, छपराचे पत्रे विकले, संडासाची दारंसुद्धा विकली. उरलं काय आवारात? गवत. आणि त्या गवतावर पगारी गार्ड! नाताळला कामगारांना कधी हॅमचा तुकडा दिला नाही या माणसानं. पण एका वारुळासाठी इतकी वर्षं तुला पगार देतोय. मुंग्यांवर केवढा जीव त्याचा!"

दुल्फोचं हसू जागच्या जागी विरलं.

"जमीन राखायला ठेवलंय मला," तो म्हणाला.

"हो तर. जमीन उचलून नेतात ना लोक."

तो खालचा ओठ चावत उभा राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते आता त्याच्या मनात लख्ख पडत चाललेलं पेमिंगला समोर दिसत होतं. मालकानं त्याला तिथेच का पुरायला लावलं होतं? बाकी एवढं आवार पडलेलं असताना तिथेच का? वरून नाकाला झोंबणारं काहीतरी टाकलं की खाली खणायला कोण जाईल? कुठल्याही कुत्र्याला कळेल अशी युक्ती, आणि ती त्याला इतकी वर्षं कळली नाही! हे सगळं त्यानं नंतर स्वतःच सांगितलं. त्या वेळी तो एवढंच म्हणाला, "नांग, तुझे आजेसासरे खरंच काही बोलले नव्हते?"

"एक शब्द नाही रे."

"खरंच नाही?"

"आईशप्पथ नाही."

दुल्फो पांढराफटक पडला आणि वळून चालायला लागला. पेमिंगला क्षणभर त्याची कीव आली. मग तिला तिनतिनचे चट्टे आठवले आणि कीव गेली.

रविवारी सकाळी चर्चला घंटा झाली. पेमिंग पुढच्या बाकावर जाऊन बसली. देवा, ती मनात म्हणाली, मी खोटं एक अक्षर बोललेले नाही, तूच साक्षीला आहेस. तरी काही चुकलं असेल तर मांडून ठेव, वर आल्यावर बघू. पाद्रेंचं प्रवचन लोभावर चाललं होतं. ते अर्ध्यावर आलं तेव्हा मागे बाक करकरला. मग दुसरा. पुरुषमाणसं एकेक करून खोकल्याचं निमित्त काढून बाहेर सटकत होती. कापितान तर जाताना देवाला हात जोडून, पाद्रेंना हात जोडून, उलट्या पावली गेला. पाद्रे बोलायचे थांबले, त्यांनी बायकांनीच भरलेल्या चर्चकडे पाहिलं आणि विचारलं, "फुटबॉल आहे का आज?"

तेवढ्यात लांबून जेसीबीचा घरघराट आला.

पेमिंग झगा दोन्ही हातांनी उचलून धावत सुटली. आवाराच्या फाटकाशी पोचली तेव्हाच तो वास नाकात शिरला. तिच्या विहिरीचाच वास, पण शंभरपट. कोपऱ्यातलं वारूळ भुईसपाट झालं होतं. बोयेत यंत्रावर बसून "सरका आजोबा, सरका आजोबा" असं एकसारखं पुटपुटत होता आणि लोखंडी पंजा खड्ड्यात घालत होता. खड्ड्याच्या काठावर गंजून फुटलेली पिंपं आडवी पडली होती, काळं बुळबुळीत काहीतरी गाळणारी. बाकीचं गाव नाकाला रुमाल लावून दहा हात मागे सरकलं होतं. आणि काठावर, घोट्यापर्यंत त्या काळ्यात उभा राहून, दांडक्यानं दिशा दाखवत दुल्फो ओरडत होता, "आणखी खाली! यांच्या खाली! ही नुसती वरची आहेत रे, माझं मला माहीत आहे, मीच पुरलीत ही!"

सगळ्या गावानं ते ऐकलं. दुल्फोनंही ऐकलं, पण जरा उशिरा.

"सगळे मागे! काठावरून बाजूला व्हा! यंत्र बंद!" ज्युडिलिनचा आवाज एवढा मोठा असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती फाटकातून धावत आली, तोंडाला फडकं नाही तर चांगला जाड मास्क बांधून. दुल्फोला तिनं दंडाला धरून ओढून काढलं, बूट काढायला लावले आणि बर्फाच्या डब्यातलं सगळं पाणी त्याच्या पायांवर ओतलं. मग वास टिपणारं हातातलं यंत्र खड्ड्याच्या दिशेनं धरलं. यंत्रानं असा काही टाहो फोडला, की बोयेत उडी मारून खाली उतरला.

ज्युडिलिननं फोटो काढले. खड्ड्याच्या भिंतीला मोजपट्टी सोडून पुन्हा काढले. नवे मोजे चढवले. चमचा, बरणी, झाकण, चिठ्ठी. काठोकाठ, मन लावून, अगदी शुक्रवारी भरत होती तशीच. कापितान तेवढ्यात तिच्यामागे येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, झालं का तुमचं? म्हणजे, आणखी थोडं खोल गेलो असतो."

"काप," ती वळूनही न बघता म्हणाली, "आणखी खोल गेलात तर मी बरणीत तुम्हाला भरून नेईन."

पेमिंग दुल्फोपाशी गेली. तो भिंतीला टेकून अनवाणी बसला होता, तळपाय लालेलाल.

"मालक म्हणाला होता, जुनं तेल आहे, जमिनीत जिरेल," तो म्हणाला.

"जिरलं ना. माझ्या विहिरीत जिरलं." पेमिंग म्हणाली. "आणि तुला माहीत होतं. तू माझी कॉफी सोडलीस आणि मला पिऊ दिलीस. माझ्या नातीला पिऊ दिलंस, मेल्या!"

त्यानं मान वर केली नाही. तिला वाटलं, याच्या थोबाडीत द्यावी. दिलीही, एक सणसणीत. सबंध गावानं पाहिलं आणि कुणी मध्ये पडलं नाही. दुल्फो गाल चोळत म्हणाला, "रोज सांगायचं ठरवायचो नांग. पगार होता ना." मग अगदी हळू, "खाली खरंच काहीच नव्हतं?"

"नाही म्हणून दोन दिवस ओरडतेय रे मी!"

"म्हणूनच तर," दुल्फो म्हणाला आणि रडायला लागला.

ज्युडिलिन बरण्या बंद करून पेमिंगच्या विहिरीवर आली. दोरीला बाटली बांधून तिनं खाली सोडली. इतके दिवस पेमिंग याच घटकेची वाट बघत होती. आता पाणी वर येताना तिला बघवेना. खराब निघालं तर ती जिंकणार होती, आणि जिंकली तर इतकी वर्षं तिनंच सगळ्यांना पाजलं हे ठरणार होतं. जिंकल्यावर बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिनं ज्युडिलिनला इबोस बांधून दिले आणि गाडी वळणाआड गेल्यावर ओट्यावर बसून पोटभर रडून घेतलं.

निकाल आला तो तिला माहीत होता तसाच आला. पाणी प्यायला तर नाहीच, भांडी घासायलाही नको. जमिनीचा सौदा अडला, मालकाच्या मागे सरकारी लोक लागले, पिंपं आणि त्यांच्याभोवतीची माती उचलून न्यायला बंद गाड्या आल्या. नगरपालिकेनं पेमिंगच्या दारात नळ आणला, कापिताननं तो फीत कापून सुरू केला आणि भाषणात आपण हा धोका पहिल्यापासून ओळखला होता असं सांगितलं. पेमिंग सगळ्यात पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

विहिरीवर सिमेंटचं झाकण पडायचं होतं त्या दिवशी मारिवी तिनतिनला घेऊन आली. सून दारात उभी राहिली, सासू दारात उभी राहिली. मारिवीनं नळ सोडला, ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं आणि "ठीक आहे" म्हणाली. पेमिंगनं तेवढ्यावर समाधान मानलं, कारण सुनेच्या जागी ती असती तर याहून पुष्कळ बोलली असती. तिनतिन मात्र थेट आजीच्या गळ्यात पडली. हात कसे स्वच्छ, गोरेगोमटे झाले होते पोरीचे!

गवंडी झाकणाला सळ्या बांधत होते. बघ्यांची ही गर्दी.

"एवढ्या जाड सळ्या?" कुणीतरी म्हणालं.

"साध्या पाण्याच्या विहिरीला?"

"आणि कोपऱ्यात नाही सापडलं, तर गेलं कुठे?"

सगळ्यांनी विहिरीकडे पाहिलं, मग पेमिंगकडे पाहिलं.

"अरे, विष आहे त्याच्यात, विष!" ती ओरडली. "सोनंबिनं काही नाही!"

"नाही ना?" कापितान अदबीनं म्हणाला. "बरं, बरं. तू म्हणतेस तर नसेल." आणि त्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं.

आपल्या तोंडानं आपण काय करून बसलोय हे पेमिंगला त्या घटकेला कळलं. गावात आता तिचं 'नाही' म्हणजे 'हो' होतं, आणि तेच कायमचं होतं. उद्या कुणीतरी पहार घेऊन येणार, झाकण फोडणार, खाली उतरणार. आणि खाली उतरलेला माणूस त्या वासानं वर यायचा नाही. कितीही आईशप्पथ घातली तरी कुणी ऐकायचं नाही, उलट जास्तच येतील.

तिनतिननं तिचा झगा ओढला. "लोला," ती आजीच्या कानात कुजबुजली, "खरंच नाहीये ना गं सोनं?"

"नाही गं माझे बाय. नाहीच मुळी."

आणि पोरीचे डोळे चमकले. अगदी सालिंगचे चमकले होते तसे.

पेमिंगनं पुढे काही विचार केला नाही. गवंड्यांना थांबवलं, बादली सोडली, विहिरीचं शेवटचं पाणी वर ओढलं आणि नातीला मानेला धरून तिचं नाक बादलीपाशी नेलं. "हुंग! चांगलं हुंग! हे सोनं वाटतं तुला?"

तिनतिन ठसकली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. नाक दाबून ती दोन पावलं मागे सरकली आणि विचार करायला लागली.

"पण लोला," ती म्हणाली, "खूप वर्षं पुरलेल्या सोन्याला असाच वास येत असेल तर?"

गर्दीतल्या चारसहा माना हलल्या. पोरगी हुशार आहे, असं कुणीतरी म्हणालं. पेमिंगनं बादली खाली आपटली.

"दुल्फो!" तिनं शेजारच्या घराकडे तोंड करून हाक मारली. "ए दुल्फो! नोकरी गेलीय ना तुझी? तुझी खुर्ची आण, दांडकं आण, आणि इथे येऊन बस!"

दुल्फो लंगडत आला, पायाला अजून फडकी गुंडाळलेली. त्यानं विहीर पाहिली, गर्दी पाहिली, पोरीचे डोळे पाहिले, आणि त्याला काही सांगावं लागलं नाही. खुर्ची झाकणाच्या अगदी मधोमध येईल अशी जागा त्यानं पायानं आखून ठेवली.

"किती दिवस बसू, नांग?"

"मरेपर्यंत," पेमिंग म्हणाली. "कॉफी मी देईन. नळाची."